आनंदचा नंबर ५००००१७

जळगावात बुद्धिबळाची खुली स्पर्धा असली की धुळ्याची मुले पहाटेची एसटी पकडतात. पारोळा, एरंडोल मागे टाकत गाडी जळगावात शिरते आणि सभागृहात पोचल्याबरोबर मुलांची पहिली धाव भिंतीवर चिकटवलेल्या खेळाडूंच्या यादीकडे असते. यादीत नाव, गाव, रेटिंग आणि एका रकान्यात फिडे क्रमांक. पालक रेटिंग पाहतात. मुलांचे बोट मात्र बऱ्याचदा त्या लांबलचक क्रमांकावरून फिरते. 'मना नंबर मोठा शे!' असे कुणी अहिराणीत ओरडले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्या आकड्यात पाहण्यासारखे खूप आहे.

फिडे म्हणजे २० जुलै १९२४ रोजी पॅरिसमध्ये स्थापन झालेली जागतिक बुद्धिबळ संघटना. तिच्या नोंदवहीत प्रत्येक खेळाडूला एकच क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर बदलत नाही. रेटिंग दर महिन्याला वरखाली होते, किताब मिळतात, पण क्रमांक तोच. विश्वनाथन आनंद १९८८मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. त्याचा क्रमांक ५००००१७. गॅरी कास्पारोव्हचा ४१०००१८, अनातोली कार्पोव्हचा ४१०००२६ आणि मॅग्नस कार्लसनचा १५०३०१४. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी ५०२९४६५.

हे आकडे वाचायची एक रीत आहे. सुरुवातीचे ५० हे भारताच्या जुन्या मालिकेचे. मधले चार अंक अनुक्रमाचे. शेवटचा एक अंक पडताळणीचा, त्याकडे नंतर येऊ. असे सुटे केले की आनंदचा अनुक्रम ०००१ निघतो, आणि हे पाहून मला दरवेळी मनापासून आनंद होतो. शशिकिरण ०४९८, हरिकृष्ण ०७००, कोनेरू हम्पी ०८१२, द्रोणवल्ली हरिका १५१९, विदित २९४६. भारतीय बुद्धिबळाच्या पिढ्या अशा ओळीने उभ्या राहतात. चार अंकांत दहा हजारच नावे मावतात, म्हणजे ही मालिका कधी तरी भरणार हे ठरलेलेच होते. ती भरत आल्याची खूण चेन्नईच्या एका घरात दिसते. २००१मध्ये जन्मलेली वैशाली ५०९१७५६ घेऊन जुन्या मालिकेच्या शेवटाजवळ बसली आहे. चार वर्षांनी धाकटा असलेला तिचा भाऊ प्रज्ञानंद २५०५९५३० घेऊन नव्या, आठ अंकी मालिकेत गेला आहे. थोरली बहीण एका मालिकेत आणि धाकटा भाऊ दुसऱ्या मालिकेत.

आता शेवटचा अंक. विदितचा क्रमांक घ्या. डावीकडून पहिल्या अंकाला ७ने गुणा, दुसऱ्याला ६ने, असे उतरत शेवटच्याला १ने. ३५, ०, १०, ३६, १२, १२ आणि ५. बेरीज ११०, म्हणजे अकराची बरोबर दहा पट. आनंदची बेरीज ४४, कास्पारोव्हचीही ४४, कार्लसनची ५५, वैशालीची १२१. आठ अंक असले तर आठपासून सुरुवात करायची. विश्वविजेत्या गुकेशचा ४६६१६५४३ असा तपासला तर १६५ येतात, अकराची पंधरा पट. शेवटचा अंक मुद्दाम असा निवडलेला असतो की भागाकार नि:शेष जावा. याचा उपयोग मोठा आहे. पंचाने घाईत एक अंक चुकीचा टंकला, किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले, तर बेरीज अकराने भागली जाणार नाही आणि चूक तिथेच पकडता येईल. अकरा ही मूळ संख्या असल्याने हे जमते. जुन्या दहा अंकी आयएसबीएनमध्ये, म्हणजे मराठी पुस्तकांच्या मागच्या बाजूला छापल्या जाणाऱ्या क्रमांकात, हीच युक्ती होती. तिथे पडताळणीचा अंक दहा आला तर इंग्रजी एक्स छापत. प्रज्ञानंदच्या बाबतीतही दहाच हवे होते, पण तिथे शेवटी शून्य आहे. म्हणून त्याची बेरीज १३३ येते आणि बाकी १ उरते.

याहून गमतीची गोष्ट ३५च्या मालिकेत आहे. नागपूरची दिव्या देशमुख ३५००६९१६ आणि नागपूरचाच रौनक साधवानी ३५०९३४८७. दिव्याची बेरीज ११८, रौनकची १५१. दोन्हींना अकराने भागले की बाकी ८. तेलंगणाच्या अर्जुन एरिगैसीचा ३५००९१९२ घेतला तरी बेरीज ११८ आणि बाकी पुन्हा ८. सुरुवातीच्या ३च्या जागी २ धरून पाहा, तिन्ही बेरजा अकराने नि:शेष भागल्या जातात.

स्वतःचा क्रमांक दिग्गजांच्या क्रमांकाशी ताडून पाहण्याची हौस केवळ बुद्धिबळात नाही. डिस्क गोल्फ हा तबकडी साखळ्यांच्या टोपलीत टाकण्याचा खेळ. त्याच्या व्यावसायिक संघटनेत १९७६मध्ये संस्थापक एड हेड्रिक यांनी क्रमांक १ घेतला. बारा वेळा विश्वविजेता ठरलेला केन क्लायमो ४२९७वा आणि पॉल मॅकबेथ २७५२३वा सभासद. तिथले हौशी खेळाडू आपला आकडा या आकड्यांशेजारी ठेवून पाहतात. क्रिकेटमध्ये ही सोय प्रेक्षकाला नाही, कारण सचिनचा १८७ हा कसोटी क्रमांक संघात निवड झाल्याशिवाय मिळतच नाही. तिथेही क्रमांक म्हणजे थोरवी नव्हे. १९३२च्या लॉर्ड्स कसोटीत कर्णधार सी. के. नायडू सातवे आणि अमरसिंग पहिले, ते इंग्रजी वर्णानुक्रमामुळे.

फिडेच्या वहीचे वेगळेपण मला यातच वाटते. तिथे निवड समिती नाही. धुळ्याच्या मुलाची नोंदणी झाली, जन्मतारखेचा दाखला जोडला, की त्याचे नाव ज्या वहीत आनंद आहे तिच्यातच चढते. रेटिंग मिळवायला मात्र झुंजावे लागते. १ मार्च २०२४पासून त्याची खालची पायरी १००० वरून १४०० झाली आहे, आणि पहिले रेटिंग लागण्यासाठी रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव खेळावे लागतात. तोवर यादीत नावापुढे शून्य दिसते. त्या शून्याने हिरमुसलेली मुले मी पाहिली आहेत. शेजारच्या रकान्यातल्या क्रमांकाला मात्र कुणी शून्य करू शकत नाही.

२०२५मध्ये जळगावच्या जैन हिल्सवर अकरा वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्याच वर्षी २८ जुलैला दिव्या बातुमीत हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. तिच्या नावामागचा किताब बदलला, क्रमांक जुनाच राहिला. पुढच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात डबा खाताना मुलांनी डाव लिहायच्या कागदाच्या पाठीवर आपापला क्रमांक मांडावा, आठ, सात, सहा असे गुणत यावे आणि बेरजेला अकराने भागून पाहावे.