नोकरी गेल्यावर ईएसआयसीचा भत्ता मिळतो, हे आपल्या किती तरुणांना ठाऊक आहे?

आमच्या वस्तीतला एक तरुण भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत हाऊसकीपिंगचं काम करत होता. तीन वर्षं झाली आणि एका शनिवारी 'सोमवारपासून येऊ नको' असा निरोप आला. महिन्याभराने तो दवाखान्याच्या खर्चासाठी उसने पैसे मागत आला, तेव्हा मी विचारलं, "पगारातून ईएसआयसी कापत होते का?" म्हणाला, "कापत होते ताई, पण नोकरीच गेली, आता त्या कार्डाचं काय करू?"

हाच प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. पदवीधरसुद्धा विचारतात. म्हणून हा लेख.

ईएसआयसी म्हणजे फक्त दवाखाना असा आपला समज आहे. पण तिथे 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. ती १ जुलै २०१८ पासून लागू झाली आणि पुढे तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळायची, तीही नोकरी जाऊन ९० दिवस झाल्यावर आणि मालकामार्फत अर्ज गेला तर. ज्याने काढून टाकलं त्याच्याच दारात कागदासाठी उभं राहायचं! २०२० मध्ये कोरोनाच्या काळात हे बदललं. दर ५० टक्के झाला, ३० दिवसांनी दावा करता येऊ लागला आणि कामगार स्वतः ऑनलाइन अर्ज भरून शाखा कार्यालयात जाऊ शकतो. भत्ता जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आयुष्यात एकदाच. त्या काळात कुटुंबाचे उपचारही चालू राहतात.

हिशोब नीट समजून घ्या, कारण इथेच अपेक्षाभंग होतो. मागच्या चार सहामाहींची (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च अशा) एकूण कमाई घेतात आणि तिला ७३० दिवसांनी भागतात. महिना १५ हजारांवर सलग दोन वर्षं काम केलं असेल तर रोजचे साधारण ४९३ रुपये येतात; त्याचे निम्मे, म्हणजे ९० दिवसांचे सुमारे २२ हजार. पण त्या दोन वर्षांत कमाई एकाच वर्षाची असेल तरी भागायचं ७३० नेच, म्हणून हातात ११ हजारच. मधले रिकामे महिने असे अंगावर येतात.

अट अशी की माणूस किमान दोन वर्षं विमाधारक असावा. नोकरी जाण्याच्या लगतच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं अंशदान हवं आणि आधीच्या तीनपैकी एका सहामाहीत तेवढंच. आधार आणि बँक खातं विमा नोंदीशी जोडलेलं असावं. गैरवर्तनाबद्दल काढलेल्याला किंवा स्वेच्छेने निवृत्ती घेतलेल्याला भत्ता नाही. म्हणून ठेकेदार 'हिशोब देतो, इथे सही कर' म्हणाला की कागद वाचा. पुष्कळदा तो राजीनामा असतो, आणि तो नंतर आडवा येऊ शकतो.

कागदोपत्री हे सोपं वाटतं. आमच्या या तरुणाचा अर्ज मात्र अडला. का? ठेकेदार बदलला तेव्हा नव्याने त्याचा जुना दहा अंकी विमा क्रमांक विचारलाच नाही, नवीन काढला. नव्या क्रमांकावर एकाच सहामाहीची नोंद. तीन वर्षं पैसे कापले गेले, पण संगणकाच्या लेखी तो कालचा कामगार.

भत्ता घ्यायला लाजणारेही भेटतात. 'आपण फुकटचं कशाला घ्यायचं?' हे फुकटचं नाही. पगाराच्या ०.७५ टक्के तुम्ही भरता, ३.२५ टक्के मालक भरतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचं काम सोपवलं गेलं. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, त्यातून पुढे १९४८ चा कायदा झाला. १४ एप्रिलच्या भाषणांत हे क्वचितच ऐकू येतं, याचं मला वाईट वाटतं.

अर्थात मोठा वर्ग या सगळ्याबाहेरच आहे. नाक्यावरचे मजूर, घरकामगार, कचरावेचक यांचं अंशदान कुणी भरत नाही. २१ हजारांच्या वर पगार गेला की तोही बाहेर. आणि एम.ए., बी.एड. होऊन पहिलीच नोकरी न मिळालेल्यांसाठी इथे काहीच नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये त्यांच्यासाठी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. शिक्षणानुसार महिना ६, ८ किंवा १० हजार विद्यावेतन. पण ते प्रशिक्षण आहे, नोकरी नव्हे. ते संपल्यावर काय, हे विचारत ही मुलं रस्त्यावर उतरली, ते आपण पाहिलंच.

सध्या आम्ही रविवारी विहारात वंदनेनंतर तासभर बसतो. ज्यांची नोकरी अजून चालू आहे त्यांनीच पगारपत्रक आणि विमा क्रमांक घेऊन यावं, असा आग्रह धरतो. गेल्यावर कागद मिळत नाहीत. पहिल्या दोन बैठकांतच चार जणांचे दोन-दोन क्रमांक निघाले. त्या तरुणाने दोन्ही क्रमांक एकत्र करण्यासाठी अर्ज दिला आहे, जुन्या पगारपत्रकांच्या प्रती जोडून. त्या त्याच्या आईने धान्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या.