चैत्राची पेरणी कार्तिकात

दिवाळीचा किल्ला हे आपल्याकडच्या बहुतेक मुलांचं पहिलं शेत असतं. विटांचे तुकडे, वर ओलं पोतं, त्यावर थापलेला चिखल, गेरूने रंगवलेले बुरूज आणि उतारावर पेरलेले अळीव. अळीव भिजले की त्यांच्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होतं, त्यामुळे ते उभ्या उतारालाही चिकटून राहतात. मोहरी पेरली तर ती घरंगळून पायथ्याशी गोळा होते. दोन-तीन दिवसांत कोंब दिसू लागतात आणि भाऊबीजेपर्यंत गड हिरवागार होतो. घरातली मोठी माणसंही त्या चार दिवसांत चिखलात हात घालतात. मग सुट्टी संपते, किल्ला मोडतो आणि माती पोत्यात भरून जिन्याखाली जाते.

ती माती जिन्याखाली जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेख आहे.

नवरात्रात घटाभोवती काळ्या मातीत धान्य पेरायचं, दिवाळीत किल्ल्यावर अळीव, कार्तिकात तुळशीचं वृंदावन गेरू-चुन्याने रंगवायचं, गुढीपाडव्याला दाराशी आंब्याच्या पानांचं तोरण, मग महिनाभर चैत्रगौरीपुढे फुलाफळांची आरास. आपल्याकडे घर सजवणं आणि दारात काही उगवणं ही वेगळी कामं कधी नव्हतीच. आता सजावट एका संध्याकाळी बाजारातून येते. कापडी झेंडूचं तोरण दिसायला छान असतं, पाच वर्षं टिकतं, पण त्याला वास नाही आणि ते कोणाच्या हाताखाली वाढलेलं नाही. चैत्रात गौरीपुढे घरचा मोगरा हवा असेल तर त्याची व्यवस्था तुळशीच्या लग्नापासून लावावी लागते. वसंतात फुलणाऱ्या झाडांचं निम्मं काम थंडीतच होऊन गेलेलं असतं.

आधी चैत्राकडे पाहू, म्हणजे तयारी कशाची करायची ते कळेल.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत राहते, अशी आपली समजूत. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा घासूनपुसून पितळी पाळण्यात बसवतात आणि त्या महिन्यात सोयीच्या एखाद्या संध्याकाळी शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावतात. कैरी घालून वाटलेली डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. गौरीपुढे पायऱ्यांची आरास असते: वरच्या पायरीवर पाळणा, खाली करंज्या-लाडू, कमळासारखं कापलेलं कलिंगड, आंबे, द्राक्षांचे घड, मोगऱ्याचे गजरे. हे सगळं घरच्याच बायका मांडत आल्या. त्यातली रंगसंगती, उंचसखलपणा, कशाशेजारी काय शोभेल याची जाण आईकडून मुलीकडे जात राहिली. सजावटीचं शिक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

याच महिन्यात तुळशीपुढे चैत्रांगण काढतात. मधोमध मखरातली किंवा झोपाळ्यावरची गौर, वर चंद्र-सूर्य आणि भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्म, लक्ष्मीची पावलं, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन. त्यांच्या बरोबरीने फणी, आरसा, हळदीकुंकवाचे करंडे, आंबा, केळ, विड्याचं पान. देवांची आयुधं आणि बाईची फणी एकाच चौकटीत, एकाच मापाने काढलेली असतात. मला चैत्रांगणात ती फणी सगळ्यांत मोलाची वाटते. ज्या बायकांनी हे पहिल्यांदा रेखाटलं त्यांनी देवघराइतकंच माजघर आणि परसही पूजेत आणून बसवलं.

ही रांगोळी ठिपक्यांची नव्हे, मुक्तहस्ताची आहे, आणि हल्ली ती काढणारे हात कमी होत चालले आहेत. म्हणून थोडं तपशिलात सांगते. आपली पांढरी रांगोळी शिरगोळा नावाचा ठिसूळ दगड कुटून करतात. कोकणात भाताचं तूस जाळून उरणारी पांढरी राखही रांगोळी म्हणून वापरतात. विकत घेताना चिमटीत घेऊन पाहा. पिठासारखी बारीक असेल तर ती गुठळ्यांनी पडते आणि रेषा तुटते. किंचित रवाळ असेल तर अंगठा आणि तर्जनीमधून सलग सुटते. हात मनगटातून वळवला की रेषा थरथरते, म्हणून तो कोपरापासून फिरवायचा. हात सावकाश नेला तर रेषा जाड येते, भरभर नेला तर बारीक. गौरीचा झोपाळा आधी काढावा, कारण बाकीच्या आकृत्यांचं माप त्यावरून ठरतं. नंतर चारही बाजूंना भारदस्त आकृत्या, म्हणजे हत्ती, कासव, वृंदावन. आणि उरलेल्या जागांत पावलं, फणी, करंडे. रोज दोन आकृत्या हाताखालून घातल्या तरी दिवाळी ते चैत्र या काळात अख्खं अंगण हातात बसतं.

अंगण नाही म्हणून कोणी थांबू नये. दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडचा तुकडा घ्यावा, गेरूत थोडं डिंकाचं पाणी कालवून त्याचे दोन हात द्यावेत आणि वाळू द्यावा. त्यावर रांगोळी उठून दिसते. सकाळी कोरड्या फडक्याने पुसली की पाट पुन्हा तयार. आयते चिकटवायचे रांगोळीचे स्टिकर मिळतात, पण ते लावण्यापेक्षा दारात वाकडीतिकडी पाच बोटांची पावलं काढलेली बरी, असं माझं ठाम मत आहे.

मातीच्या कुंड्याही याच गेरूने रंगवता येतात. त्यांवर वारली चित्रं काढण्याची आवड हल्ली बरीच आहे. पालघर-डहाणू भागात ही चित्रं कुडाच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या ठेचलेल्या काडीने काढतात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणि जगापुढे नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यातला देवीचा चौक मात्र लग्नविधीचा आहे आणि तो सवाशिणी लिहितात. कुंडीवर तारप्याचा नाच काढा, झाडं काढा, मोर काढा. तो चौक लग्नघरासाठी राहू द्या.

आता मोगरा. घरच्या चैत्राचा तोच खरा मानकरी आहे आणि त्याच्याबद्दलच सगळ्यांत जास्त तक्रार ऐकू येते: झाड जोमात आहे, पानं हिरवीगार आहेत, फूल मात्र नाही. याची कारणं बहुधा दोनच असतात, ऊन कमी किंवा छाटणी नाही. मोगऱ्याला दिवसाकाठी पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आणि फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला. जुन्या फांद्या तशाच ठेवल्या तर झाड पानं पोसत बसतं.

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की मोगऱ्याचं पाणी हळूहळू कमी करावं. पौषात तो मलूल दिसेल, पानं पिवळी पडतील. घाबरू नये, त्याला ती विश्रांती हवी असते. संक्रांत झाली की धारदार कात्रीने झाड दीड फुटापर्यंत आणावं. वाळक्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वळलेल्या फांद्या मुळापाशी काढाव्यात. उरलेल्या फांद्या पेऱ्याच्या जरा वर, तिरक्या कापाव्यात. राहिलेली पानंही हाताने ओढून काढावीत. झाड अगदी उघडंबोडकं दिसतं, पण तसंच करायचं असतं. मग कुंडीतली वरची दोन बोटं माती उकरून दोन मुठी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी, पोटभर पाणी द्यावं आणि कुंडी भर उन्हात ठेवावी. पंधरा दिवसांत प्रत्येक पेऱ्याशी लालसर हिरवे कोंब दिसतात. साधारण दोन महिन्यांत त्यांच्या टोकांना तीन-तीन कळ्यांचे झुबके धरतात, आणि तेवढ्यात चैत्र लागलेला असतो. फुलं ओसरली की ते शेंडे हलके खुडावेत. तीन-चार आठवड्यांनी दुसरा बहर येतो. गजऱ्यासाठी टपोरी पांढरी कळी संध्याकाळी काढावी, ती रात्री उमलते.

बाकीच्या झाडांचं थोडक्यात. शेवंती दिवस लहान झाले की फुलते, त्यामुळे ती कार्तिक-मार्गशीर्षाची. फुलं संपली की ती जमिनीलगत कापावी. बुंध्याशी येणारी पिल्लं पुढच्या वर्षीची रोपं असतात. देवचाफा थंडीत पानं टाकून निष्पर्ण उभा राहतो, तेव्हा त्याची हातभर फांदी मागून आणावी. ती लगेच लावली तर कुजते. चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत आडवी ठेवावी आणि मग लावावी, पाणी बेताचं. अनंताला आंबट माती आणि सकाळचं ऊन मानवतं. सोनचाफा कलमी असेल तरच मोठ्या कुंडीत लवकर फुलतो, बियांच्या रोपाची फार वाट पाहावी लागते. तुळशीच्या मंजिऱ्या लग्न झाल्यावर वाळवून ठेवाव्यात आणि फाल्गुनात ऊन तापू लागलं की पेराव्यात. थंडीत त्या नीट रुजत नाहीत. निवड करायला पुण्याची मंडळी एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊ शकतात. ते जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरतं.

मातीबद्दल मात्र घाई नको. माती विकत आणण्याआधी आपल्या सोसायटीत रोज झाडून पेटवला जाणारा पालापाचोळा पाहावा. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत पानगळ चालू असते आणि तेच उत्तम खत असतं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून हेच सांगितलं: आपलं भांडवल म्हणजे सूर्यप्रकाश आणि पालापाचोळा. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक गच्चीवर चार कुंड्या असलेल्यानेही वाचावं. कुंडीच्या तळाशी चार बोटं वाळकी पानं दाबून भरावीत, वर निम्मी माती, निम्मं कंपोस्ट. किल्ल्याची माती इथे कामी येते. तिच्यातले विटांचे तुकडे भोकावर ठेवायलाही उपयोगी पडतात. पानं भरण्याचा दुसरा फायदा वजनाचा. एक घनफूट ओली माती पंचेचाळीस किलोंच्या घरात जाते आणि बारा इंची कुंडी नुसत्या मातीने भरून भिजवली तर वीस-पंचवीस किलो होते. बाल्कनीच्या कठड्यावर अशा दहा कुंड्या ठेवणं धोक्याचं आहे. जड कुंड्या भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथे ठेवाव्यात.

कुंडी शक्यतो कुंभाराकडची घ्यावी. भाजलेल्या मातीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडत राहतं, त्यामुळे मुळं गार राहतात आणि त्यांना हवा मिळते. चैत्रात ती प्लास्टिकपेक्षा लवकर सुकते, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घालावं लागतं; हा त्रास पत्करण्यासारखा आहे. दिवाळीत पणत्या घेताना त्याच गाड्यावर दोन कुंड्याही मागाव्यात. कुंभारांचा हंगाम दिवाळीपुरता उरू नये असं वाटत असेल तर आपण एवढं करू शकतो.

हळदीकुंकवाच्या आठ-दहा दिवस आधी मातीच्या वाट्यांत गहू पेरून सावलीत ठेवले तर पिवळसर हिरवे, नाजूक तुरे येतात. गौरीच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना त्या वाट्या मांडल्या की वेगळी सजावट लागत नाही. वाट्यांत पेरण्याचं काम मुलांवर सोपवावं. किल्ल्यावर अळीव पेरलेले असल्यामुळे त्यांना ते येतंच.

तर यंदा किल्ला मोडाल तेव्हा माती फेकू नका. तुळशीचं लग्न लागेपर्यंत मोगऱ्याचं एक रोप आणा, संक्रांतीनंतर न घाबरता छाटा, आणि गौरीच्या हळदीकुंकवाला ज्या शेजारणीकडे बाग नाही तिच्या ओटीत हरभऱ्यांबरोबर मोगऱ्याचं एक रोपही घाला.