सहा महिन्यांचा वायदा

लिनक्सवर काम करणाऱ्याला कधी ना कधी एक ओळ भेटतेच. हौसेनं नवा प्रोग्राम उतरवून घ्यावा, चालवायला जावं आणि पडद्यावर यावं: जीलिबसी 2.34 ही आवृत्ती सापडली नाही. सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यातून लातूर-पुण्याला शिकायला गेलेला मुलगा जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून प्रोग्रामिंग शिकत असेल, तर तो या ओळीवर हमखास अडकतो. तो चिडतो आणि त्याचं चिडणं चुकीचं नाही. पण ती ओळ एका करारातलं कलम आहे. जुना प्रोग्राम नव्या जीलिबसीवर चालेल, एवढीच हमी कराराने दिलेली असते. नवा प्रोग्राम जुन्या जीलिबसीवर चालेल, असं कुणीच कबूल केलेलं नसतं.

जीलिबसी म्हणजे ग्नू प्रकल्पाची सी लायब्ररी. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला फाइल उघडायची असते, स्मृतीतला तुकडा मागायचा असतो, घड्याळ विचारायचं असतं, एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता शोधायचा असतो. ही सगळी कामं तो या लायब्ररीकडून करून घेतो. पायथन, रुबी, पीएचपी या भाषा स्वतःच सी मध्ये लिहिलेल्या, त्यामुळे बहुतेक लिनक्स सर्व्हरवर त्याही याच लायब्ररीवर उभ्या असतात. (अँड्रॉइड फोनचं घर वेगळं आहे, तिथे गूगलची बायॉनिक नावाची लायब्ररी चालते.) 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात रोलंड मॅकग्राथ यांनी हे काम सुरू केलं. ते आजही चालू आहे आणि दर सहा महिन्यांनी, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास, नवी आवृत्ती निघते.

हे काम कशा जातीचं आहे, ते सास्तूरच्या माणसाला समजावून सांगायला वेळ लागू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. किल्लारीचं नाव जगभर गेलं. सास्तूरही त्याच यादीत होतं. पुढे जागतिक बँकेच्या साह्याने जो पुनर्वसन कार्यक्रम आला, त्यात 52 गावं नव्या जागी वसवली गेली. पण त्याहून कितीतरी जास्त घरं, दीड लाखाच्या वर, होती तिथेच दुरुस्त आणि मजबूत करायची होती, आणि तीही माणसं आत राहत असताना. त्या कामात अभियंत्यांइतकीच गरज पडली निरोप नेणाऱ्यांची. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. अनुदान कुणाला आणि कसं, बांधकामात काय पाहायचं, तक्रार कुठे करायची, हे त्या घरोघर सांगत आणि घरांचं म्हणणं उलट सरकारकडे नेत. जीलिबसीवालेही लोक आत राहत असलेल्या घराचीच भिंत बदलत असतात. त्यांच्याकडेही संवाद सहायकाचं एक पद आहे. त्याला रिलीज मॅनेजर म्हणतात.

या पदावर मराठी नावही बसलेलं आहे. पुण्यात रेड हॅटमध्ये काम केलेले सिद्धेश पोयरेकर हे जीलिबसीच्या 2.25 आणि 2.26 या लागोपाठच्या आवृत्त्यांचे रिलीज मॅनेजर होते. पहिली 5 फेब्रुवारी 2017 ला निघाली, दुसरी 2 ऑगस्टला. महिन्याच्या पहिल्या तारखेचा वायदा एकदा चार दिवसांनी हुकला, एकदा एका दिवसाने. सरकारी कामांची सवय असलेल्या वाचकाने या आकड्यांकडे जरा थांबून पाहावं. हे लोक वेगवेगळ्या देशांत बसलेले, वेगवेगळ्या कंपन्यांचे पगार घेणारे किंवा कुणाचाच न घेणारे, आणि रिलीज मॅनेजर त्यांच्यापैकी कुणाचाही साहेब नसतो. त्याला कुणाची रजा नामंजूर करता येत नाही की कुणाला नोटीस काढता येत नाही. त्याच्या हातात एक तारीख असते आणि विचारत राहण्याचा अधिकार.

त्याचं काम साधारण असं चालतं. प्रकाशनाच्या महिनाभर आधी, म्हणजे जानेवारीच्या किंवा जुलैच्या सुरुवातीला, फ्रीज लागतो. नवी भर बंद, फक्त दुरुस्त्या. तोवर एका सामायिक पानावर दोन याद्या झालेल्या असतात: अमुक झाल्याशिवाय आवृत्ती निघणारच नाही, आणि तमुक झालं तर बरं. पहिल्या यादीत आपलं काम घालायला प्रत्येकाचा जीव तुटतो. रिलीज मॅनेजरची खरी कसोटी तिथे लागते. एखाद्याने चार महिने घाम गाळून लिहिलेला पॅच त्याला ‘आता ऑगस्टात पाहू’ म्हणून परत करावा लागतो आणि तो माणूस ऑगस्टात पुन्हा यायलाही हवा असतो.

मग निरनिराळ्या प्रोसेसरांची जबाबदारी घेतलेले लोक आपापल्या यंत्रांवर चाचण्या चालवतात. इंटेल, आर्म, पॉवर, आयबीएमची मोठी यंत्रं, प्रत्येकाचा निकाल त्या पानावर नोंदला जातो. जगभरच्या भाषांतरकारांकडे संदेशांची फाइल जाते. सुटलेल्या बगांची यादी निघते, ‘न्यूज’ नावाची फाइल ओळ न् ओळ तपासली जाते. शेवटी सगळ्या मजकुराचं एक गाठोडं बांधून त्यावर रिलीज मॅनेजर आपली डिजिटल सही करतो आणि जाहीर करणारं पत्र धाडतो.

फ्रीजचा एवढा बाऊ कशासाठी, असं वाटू शकतं. पण जीलिबसीत एखादं फंक्शन एका आवृत्तीत बाहेर पडलं की त्याचं नाव आणि वागणं कायमचं झालं. आदल्या दिवशी नाव बदलता येतं, दुसऱ्या दिवशी नाही. प्रत्येक फंक्शनला आवृत्तीची चिठ्ठी जोडलेली असते आणि प्रोग्राम बांधला जाताना त्याच्या पोटात ती चिठ्ठी नोंदली जाते. आपल्या लॅपटॉपवाल्या मुलाच्या प्रोग्रामच्या पोटात 2.34 ची चिठ्ठी होती आणि त्याच्या यंत्रावरची जीलिबसी त्याआधीची होती, एवढीच ती भानगड.

या चिठ्ठीचं मोल कळायला 2010 सालचा मेमकॉपीचा किस्सा सांगावा लागतो. मेमकॉपी हे स्मृतीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवणारं साधं फंक्शन. सी भाषेच्या नियमात स्पष्ट लिहिलं आहे की उतरवण्याची जागा आणि मूळ जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. असतील तर काय होईल त्याची हमी नाही. जीलिबसीच्या लोकांनी नव्या इंटेल प्रोसेसरांसाठी मेमकॉपी वेगवान केली आणि त्या नादात ती मजकूर शेवटाकडून उलटा उतरवू लागली. नियमात पूर्ण बसणारा बदल. फेडोरा 14 हे लिनक्स वितरण बाहेर आलं आणि लोकांच्या अडोबी फ्लॅशमधून गाण्यांऐवजी खरखर ऐकू येऊ लागली. फ्लॅशने नियम मोडला होता, पण इतकी वर्षं ते खपत होतं. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स स्वतः त्या तक्रारीत उतरले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: वापरणाऱ्याला नियमाशी देणंघेणं नाही, त्याचा आवाज बिघडला आहे.

तोडगा चिठ्ठीतून निघाला. 2.14 मध्ये मेमकॉपीची दोन रूपं ठेवली गेली. जुन्या प्रोग्रामांच्या पोटात 2.2.5 ची चिठ्ठी, त्यांना जुनं सहनशील वागणं मिळालं. जे नव्याने बांधले जातील त्यांना 2.14 चं. फ्लॅश जगातून केव्हाच गेला, पण ती व्यवस्था आजही तशीच आहे. मला यात टॉरवाल्ड्स यांची बाजू पटते. नियम आपल्या बाजूने आहे म्हणून घरात राहणाऱ्याला न सांगता भिंत हलवायची नसते.

न सांगण्याची खरी किंमत मात्र याहून मोठी असते. संकेतस्थळाचा पत्ता शोधणाऱ्या एका फंक्शनमध्ये 2000 साली निघालेल्या 2.2 आवृत्तीपासून एक चूक दडलेली होती. मे 2013 मध्ये ती दुरुस्तही झाली आणि त्या ऑगस्टच्या 2.18 मधून बाहेर पडली. पण ही चूक वापरून कुणी यंत्रात घुसू शकतो, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही, म्हणून तसं कुणी जाहीरही केलं नाही. साधी दुरुस्ती समजून जुन्या, दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या लिनक्स वितरणांनी ती आपल्या जुन्या जीलिबसीत आणलीच नाही. 27 जानेवारी 2015 ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने तिला ‘घोस्ट’ असं नाव देऊन जगापुढे मांडलं, तेव्हा डेबियन 7, उबुंटू 12.04 आणि रेड हॅटच्या सर्व्हरवाल्यांची पळापळ झाली. औषध तयार होऊन दीड वर्ष झालं होतं. रोग्याला कळवायचं राहिलं होतं.

पुढच्या घटना पाहिल्या की हा धडा गिरवला गेल्याचं दिसतं. आता प्रत्येक आवृत्तीच्या ‘न्यूज’मध्ये सुरक्षेशी संबंधित बदलांचा स्वतंत्र भाग असतो. ट्यूनेबल्स, म्हणजे वापरणाऱ्याला लायब्ररीच्या वागण्याची कळ फिरवू देणारी सोय, 2.25 मध्ये आली होती. तिच्या वाचनयंत्रणेत 2.34 मध्ये शिरलेली एक गंभीर चूक क्वालिसलाच 2023 मध्ये सापडली. 4 सप्टेंबरला रेड हॅटला खासगीत कळवलं गेलं, 19 सप्टेंबरला इतर वितरणांच्या सुरक्षा पथकांना, आणि 3 ऑक्टोबरला, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले असताना, चूक आणि दुरुस्ती एकत्र जाहीर झाली. महिनाभर इतक्या लोकांनी तोंड मिटून ठेवलं, हेही कौशल्यच.

याचा अर्थ या मंडळींचं आपसात गुळपीठ आहे, असा नाही. बरीच वर्षं उल्रिच ड्रेपर यांच्या मताशिवाय जीलिबसीत पान हलत नसे. कर्तबगार माणूस, पण समोरच्याचं म्हणणं उडवून लावण्याबद्दलही तितकाच प्रसिद्ध. डेबियनसारख्या मोठ्या वितरणाने 2009 मध्ये कंटाळून ईजीलिबसी या वेगळ्या चुलीकडे जायचं ठरवलं आणि 2014 मध्ये डेबियन पुन्हा घरी आलं. मधल्या काळात, मार्च 2012 मध्ये, जीलिबसीच्या सुकाणू समितीने स्वतःलाच बरखास्त करून कारभार सहमतीवर सोडला होता. ज्याचा गंभीर आक्षेप आहे त्याचं समाधान करूनच पुढे जायचं. 2018 च्या मे महिन्यात या सहमतीचीही परीक्षा झाली, आणि ती एका विनोदावरून. अबॉर्ट नावाच्या फंक्शनच्या माहितीत अमेरिकी सेन्सॉरशिपवरचा एक जुना विनोद होता. तो काढायचं ठरलं, निघालाही. पण ग्नू प्रकल्पाचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन यांनी आपला नकाराधिकार पुढे केला आणि तो परत घातला गेला. मोजक्या ओळींवर मोठा वाद झाला. आपल्याकडच्या सार्वजनिक मंडळांत वावरलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

जीलिबसीसारखीच प्रोग्रामिंगच्या भाषांनीही आपापली पंचांगं ठरवून घेतली आहेत. पायथन दर ऑक्टोबरात, रुबी नाताळच्या दिवशी, गो फेब्रुवारी-ऑगस्टात, रस्ट तर दर सहा आठवड्यांनी. तारीख आधी ठरवायची आणि जे तयार असेल तेच गाडीत चढवायचं, ही पद्धत सगळीकडे रुजली. वैशिष्ट्य तयार होईपर्यंत गाडी थांबवून ठेवण्याचे दिवस गेले, ते बरंच झालं. थांबलेल्या गाडीत जो तो आणखी एक पेटी चढवतो.

आपल्या माध्यमांत पुण्याच्या आयटीची बातमी म्हणजे पगार, कपात नाहीतर हिंजवडीची वाहतूक. पुण्यात काम केलेला एक माणूस जगभरच्या सर्व्हरखालच्या लायब्ररीची आवृत्ती वेळेवर काढतो, ही बातमी होत नाही. नवं काही बांधणाऱ्याचा सत्कार होतो. चालू वस्तू न मोडता सांभाळणाऱ्याला विचारतो कोण?

या लायब्ररीत मराठीसाठीही एक फाइल आहे. वारांची आणि महिन्यांची नावं, तारखेची मांडणी, आकड्यात स्वल्पविराम कुठे पडतो, रुपयाची खूण, अक्षरांचा क्रम ही माहिती तिथून आणि युनिकोडच्या सामायिक कोशातून संगणकाला मिळते. तिच्यात चूक आहे की नाही हे सांगायला सी भाषा यावी लागत नाही, शाळेतलं मराठी पुरतं. लिनक्स वापरणाऱ्या वाचकांनी आपल्या यंत्राची भाषा एकदा मराठी करून पाहावी, यादी मुळाक्षरांनुसार लागते का, महिना नीट लिहिला जातो का ते तपासावं, आणि खटकलेलं लिहून कळवावं. मात्र ते मे किंवा नोव्हेंबरात कळवा. फ्रीज लागल्यावर कळवलंत तर सहा महिने थांबावं लागेल.