जिताडा गोड्या पाण्यात कसा जगतो?

पेण-अलिबागच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा पाळण्याची जुनी रीत आहे. पावसाळ्यात खाडीतली पिल्ले पकडून तळ्यात सोडतात. जिताड्याचा जन्म मात्र नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात होतो. रोह्यापाशी गोडी असलेली कुंडलिका खाली रेवदंड्याकडे जाताना खारी होत जाते. अशाच वाटेने जिताड्याची पिल्ले वर येतात आणि मोठे मासे अंडी घालायला खाली परततात. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या तळ्यात मरत कसा नाही?

आधी वर्गात एक प्रयोग करून पाहा. बटाट्याच्या दोन सारख्या फोडी घ्या. एक साध्या पाण्यात, दुसरी मिठाच्या दाट पाण्यात तासभर ठेवा. पहिली ताठ होईल, दुसरी लिबलिबीत. पाणी पातळ द्रावाकडून दाट द्रावाकडे गेले. बटाट्याला त्याविरुद्ध काही करता येत नाही. माशाला करावे लागते, कारण त्याचे कल्ले म्हणजे रक्त आणि बाहेरचे पाणी यांच्यामधला अगदी पातळ पडदा.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. जिताड्यासारख्या माशाच्या रक्ताची क्षारता त्याच्या सुमारे एक तृतीयांश. म्हणजे समुद्रात त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर जाते. मासा पाण्यात राहून तहानेलेला! तो समुद्राचे पाणी पितो, जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर टाकतो आणि लघवी अगदी थोडी करतो. तळ्यात सगळे उलटे. पाणी आत घुसते, क्षार निसटतात. म्हणून तो पाणी जवळजवळ पीत नाही, भरपूर पातळ लघवी करतो आणि कल्ल्यांनी पाण्यातले क्षार ओढून घेतो. रक्त मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच राहते. यालाच समस्थिती म्हणतात.

एकच कल्ला कधी मीठ बाहेर फेकतो, कधी आत घेतो. ही अदलाबदल करायला सांगते कोण? १९५९ साली अमेरिकेत ग्रेस पिकफोर्ड यांनी किलीफिश या छोट्या माशांवर केलेले काम प्रसिद्ध झाले. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढलेले हे मासे खाऱ्या पाण्यात जगत, गोड्या पाण्यात थोड्याच दिवसांत मरत. त्यांना प्रोलॅक्टिन हे संप्रेरक टोचले, तर गोड्या पाण्यातही जगत. सस्तन प्राण्यांत दूध तयार करवणारे म्हणून आपण शिकवतो तेच हे प्रोलॅक्टिन! माशांत ते क्षारांची गळती रोखते. समुद्राकडे जाताना मुख्य काम कॉर्टिसॉलचे. माशाच्या मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात ते तयार होते आणि कल्ल्यांतील मीठ फेकणारे पंप वाढवते.

पाठ्यपुस्तकात एक गोष्ट बहुधा सुटते. संप्रेरक म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. नवे पंप म्हणजे नवी प्रथिने, कधी नव्या पेशीसुद्धा. त्या घडायला तास नव्हे, दिवस लागतात. जिताडा काटक खरा, पण खाडीतले पिल्लू एकदम गोड्या तळ्यात टाकण्यापेक्षा भांड्यात तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळत न्यावे, ते यासाठीच.

माणसाचेही असेच. पेण तालुक्याच्या खाडीकाठी मिठागरे असत. भर उन्हात काम करणाऱ्याचा घाम जातो, रक्त किंचित दाट होते. एक-दोन टक्के फरकही मेंदूला कळतो. तहान लागते आणि पीयूषिकेतून व्हॅसोप्रेसिन सुटते. त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंडे पाणी राखतात व लघवी थोडी, गडद होते. हे मिनिटांत घडते. मीठ राखण्याचे काम अल्डोस्टेरॉनचे, आणि ते सावकाश चालते. उन्हात रोज काम केले की आठवडा-दोन आठवड्यांत घामग्रंथी मीठ परत शोषायला शिकतात, घाम कमी खारट होतो. पहिल्याच दिवशी उन्हात उतरलेल्याच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग जास्त दिसतात. त्याला भोवळ येण्याचा धोकाही जास्त. सुट्टीनंतर एकदम मैदानावर उतरणाऱ्या मुलांनाही पहिल्या आठवड्यात कमी पळवा, आणि पाण्याची बाटली हाताशी असू द्या.