धातूचे धुराडे : तपासणी व निगा

धुराडे म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गुऱ्हाळाचे किंवा गिरणीचे विटांचे धुराडे उभे राहते. उत्तर अमेरिकेतील लाकडी सांगाड्याच्या घरांत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायरप्लेसवर कारखान्यात तयार झालेले धातूचे धुराडे बसविण्याची प्रथा रूढ झाली. एकात एक बसविलेल्या दोन किंवा तीन नळ्या असे त्याचे स्वरूप असते. काही प्रकारांत नळ्यांच्या मध्ये उष्णतारोधक द्रव्य भरलेले असते, तर काहींत तेथून हवा खेळते. सर्वांत बाहेरची नळी आणि घराचे लाकूड यांच्यामध्येही उत्पादकाने नेमून दिलेले अंतर, बहुधा २ इंच, मोकळे सोडावे लागते.

हे अंतर म्हणजे बांधकामात सहज उरलेली जागा नव्हे; तो धुराड्याचाच एक घटक होय. माळ्यावर काम करणारा कारागीर घर उबदार राहावे अशा सद्हेतूने ही पोकळी काचतंतूंच्या लोकरीने भरून टाकतो आणि हवेने वाहून न्यावयाची उष्णता तेथेच साचू लागते. ताजे लाकूड सामान्यतः २५० अंश सेल्सिअसच्या वर पेट घेते. परंतु वर्षानुवर्षे तापत राहिलेल्या लाकडाचे मंदगतीने विघटन होऊन ते त्याहून बऱ्याच कमी तापमानास पेटू शकते. यास्तव दहा हिवाळे निर्धोक गेले, हा सुरक्षिततेचा पुरावा मानता येत नाही. तपासनीसाने माळ्यावर चढून ही पोकळी प्रत्यक्ष पाहिलीच पाहिजे. दिवाणखान्यातून ती दिसत नाही.

आतील बाजूचा शत्रू निराळा आहे. ओले लाकूड जाळल्यास किंवा हवा कोंडून आग मंद ठेवल्यास धुरातील डांबरी द्रव्ये नळीच्या थंड पृष्ठभागावर जमतात. यासच क्रिओसोट म्हणतात. प्रथम त्याची भुकटी असते, पुढे पापुद्रे धरतात आणि अखेरीस काचेसारखा चकचकीत थर बनतो. या अखेरच्या थरापुढे ब्रशाचे काही चालत नाही. साध्या पोलादी तारांचा ब्रश तर टाळावाच, कारण त्याचे लोहकण नळीवर राहून गंजतात.

या थराने पेट घेतला तर नळीतील तापमान १००० अंशांच्याही वर जाऊ शकते. आग विझल्यावर नळी वरून शाबूत दिसते, आणि येथेच फसगत होते. स्टेनलेस स्टील सुमारे ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान काही काळ राहिले, तर त्यातील क्रोमियमचा कार्बनशी संयोग होऊन कणसीमांवर कार्बाइड साचते. लगतच्या भागातील क्रोमियम त्यामुळे घटते व तेथे गंजाला वाट मिळते. फुगलेले सांधे, बदललेला रंग व वाकलेली आतील नळी ही खुणेची लक्षणे होत.

अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचे २११ क्रमांकाचे मानक वर्षातून एकदा तपासणी सांगते. धुराड्यात आग लागून गेल्यावर किंवा घराची विक्री होताना अधिक सखोल तपासणी अपेक्षित असते. बदली भाग मूळ उत्पादकाचेच व त्याच प्रतिमानाचे हवेत, कारण फायरप्लेस व धुराडे यांची चाचणी एकत्रित झालेली असते. वरचे टोपण केवळ मापास बसते म्हणून लावले, तर हवा खेळण्याचे मार्गच बुजण्याचा संभव असतो. प्रतिमानाची पट्टी बहुधा फायरप्लेसच्या आतील बाजूस असते. ती झिजून वाचता येत नसेल आणि भागांची ओळख अन्य मार्गानेही पटत नसेल, तर तपासनीसाने धुराडे सुरक्षित असल्याचा दाखला देऊ नये.