टॅन हिलचे पांथगृह

उत्तर इंग्लंडमध्ये पेनाइन नावाची डोंगररांग आहे. तिच्या एका वृक्षहीन माळावर, यॉर्कशायर परगण्याच्या टोकाशी, एक जुने दगडी घर एकटेच उभे आहे. हेच टॅन हिलचे पांथगृह. समुद्रसपाटीपासून ते ५२८ मीटर उंचीवर असून, ब्रिटनमधील सर्वांत उंचावरचे पेयगृह अशी त्याची ख्याती आहे. आठशे मीटरवरचे माथेरान पाहिलेल्या वाचकांना या आकड्याचे हसू येईल. परंतु हे स्थळ ५४ अंश अक्षांशाच्याही उत्तरेस आहे, आणि तेथील वाऱ्याला अडवणारे झाडसुद्धा जवळपास नाही. केल्ड हे शेजारचे खेडे सहासात किलोमीटर दूर आहे.

अशा ओसाड जागी हे घर का उभे राहिले, असा प्रश्न आपणांस पडेल. या माळाखाली दगडी कोळसा होता. खाणीतून वर आलेल्या मजुरांना येथे ऊब, अन्न आणि बिअरचा पेला मिळे. १९२९ मध्ये शेवटची खाण बंद पडली, मजुरांची घरे नाहीशी झाली, पण पांथगृह टिकले. पुढे १९६५ मध्ये ‘पेनाइन वे’ ही सुमारे ४३० किलोमीटर लांबीची पायवाट खुली झाली. ती नेमकी या दारावरून जाते. चिखलाने माखलेले बूट घेऊन आलेल्या पदयात्रिकाला येथे गरम जेवण व बिछाना मिळतो. काळ्या तोंडाच्या स्वेलडेल मेंढ्यांचे प्रदर्शन दर मे महिन्यात येथेच भरते. १९९४ च्या विवाहविषयक कायद्याने चर्च आणि नोंदणी कचेरी यांखेरीज अन्य मान्यताप्राप्त वास्तूंतही लग्ने लावण्यास मुभा दिली, तेव्हापासून या माळावर वऱ्हाडेही येऊ लागली!

शहरातील हॉटेलमालकाचे कर्तव्य बिल चुकते झाले की संपते. येथे तसे नाही. २६ नोव्हेंबर २०२१ च्या शुक्रवारी ‘ओएसिस’ या विख्यात संगीतसंचाची गाणी गाणारा ‘नोएसिस’ नावाचा संच कार्यक्रमासाठी आला होता. त्याच रात्री ‘आर्वेन’ वादळ कोसळले. दारे बर्फाने बुजली, विजेच्या तारा रस्त्यावर पडल्या. सुमारे साठ माणसे, गायक-वादकांसह, आत अडकली. एका संध्याकाळच्या करमणुकीसाठी आलेल्या या मंडळींना तीन रात्री तेथे काढाव्या लागल्या. सर्वांना पुरतील इतक्या खोल्या कोठल्या? कोणी कोचावर, कोणी जमिनीवर गाद्या टाकून झोपले. उपचारांची गरज असलेल्या एका व्यक्तीला डोंगरी बचाव पथकाने बाहेर नेले. उरलेल्यांनी चित्रपट पाहिले, प्रश्नमंजूषा खेळल्या, गाणी म्हटली. स्वयंपाकघर चालूच होते. वास्तविक तेथील नोकरमाणसेही पाहुण्यांइतकीच अडकलेली होती; परंतु त्यांना मात्र ताटे वाढायची होती, बिछाने घालायचे होते. वृत्तपत्रांनी त्या गाण्यांचे कौतुक अधिक केले. आम्हांस मात्र त्या स्वयंपाकघराचे अधिक वाटते.

सोमवारी बर्फ हटवणारे यंत्र आले आणि मोटारी एकेक करून डोंगर उतरू लागल्या.

आपणांपैकी कोणी त्या बाजूस जाणार असल्यास मे महिना निवडावा; मेंढ्याही पाहावयास मिळतील. हिवाळ्यातच जाणे झाले, तर परतीच्या गाडीचे तिकीट जरा सैल दिवसाचे काढावे.