राहत्या घराची डागडुजी आणि ऋतूंचा हिशेब

नवें घर बांधणारा मनुष्य मोकळ्या जागेवर काम करतो. राहतें घर बदलणारा मात्र चालत्या संसारांत काम काढतो. भिंत पाडली म्हणजे चुलीची जागा जाते, छप्पर उतरविलें म्हणजे घरांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांचा व मुलाबाळांचा आसरा जातो, आणि काम अर्ध्यावर अडलें तर पैसा व निवारा दोन्ही एकदम अडकून पडतात. म्हणूनच ‘खर्च किती’ आणि ‘काम कोण करणार’ या प्रश्नांच्या जोडीला ‘काम केव्हां काढावें’ हा प्रश्नहि तितक्याच काळजीनें सोडविला पाहिजे.

मुंबई व कोंकणपट्टी यांच्यापुरतें पाहिलें तर या प्रश्नाचें निम्में उत्तर आकाशच देतें. हवामान खात्यानें २०२० मध्यें ठरविलेल्या सरासरी तारखांप्रमाणें मुंबईस मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो व ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. या अवधींत सांताक्रूझ येथें सरासरीनें २२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेव्हां उघड्यावरच्या कामाला दिवाळीपासून वैशाखापर्यंतचेच महिने उरतात, हें सर्वांना ठाऊक असतें. चूक होते ती निराळ्या ठिकाणीं. पुष्कळ कुटुंबें मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर, चैत्रांत, घराचा विचार करूं लागतात. गवंडी शोधणें, अंदाजपत्रक मागविणें, नगरपालिकेची किंवा गृहनिर्माण संस्थेची परवानगी मिळविणें यांत वैशाख उजाडतो. लग्नसराईमुळें मजूर गांवीं गेलेले असतात. मग छप्पर उघडें पडतें तें नेमकें आभाळ भरून येण्याच्या वेळीं.

म्हणून काम जरी कोरड्या दिवसांत करावयाचें असलें तरी त्याची आंखणी पावसाळ्यांतच झाली पाहिजे. आषाढ-श्रावणांत घर आपलीं सर्व दुखणीं स्वतःच दाखवितें. पाणी कोणत्या वाशावरून ओघळतें, कोणत्या खिडकीतून झड आंत येते, जोत्याची ओल भिंतीत किती उंच चढते, हें त्या वेळीं डोळ्यांना दिसतें. एप्रिलांत उरतो तो केवळ वाळलेला डाग, आणि त्यावरून पाण्याची वाट सांगणें अनुभवी गवंड्यासहि कठीण जातें. मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येत असल्यामुळें दक्षिणेच्या व पश्चिमेच्या भिंतींवर पावसाचा मारा अधिक असतो, तेव्हां त्या बाजू विशेष बारकाईनें पाहाव्या. घराचा साधा नकाशा काढून त्यावर ओलीच्या जागा तारखेसह नोंदवाव्या. पुढें हिवाळ्यांत तोच नकाशा पुन्हां पाहावा. जी ओल पावसाबरोबर गेली ती बहुधा बाहेरची. जी माघांतहि कायम राहिली तिचें मूळ नळांत किंवा मोरीत शोधावें. या एका भेदानें पुष्कळ निरर्थक खर्च वांचतो.

भाद्रपद-आश्विनांत अंदाजपत्रक व परवानगी यांचीं कामें उरकलीं म्हणजे दिवाळीनंतर गवंडीकामास आरंभ करतां येतो. तोपर्यंत भाताची कापणीहि सरत आलेली असते व कोंकणांत माणसें मिळूं लागतात. या दिवसांत विहिरींना पाणी असतें आणि ऊन सौम्य असतें. या दोन्ही गोष्टी सिमेंटच्या कामाला उपकारक आहेत. सिमेंट वाळल्यानें घट्ट होतें हा समज बरोबर नाहीं. तें पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें, आणि पाणी अकालीं उडून गेलें तर काँक्रीट दुबळें राहून त्यास भेगा पडतात. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान ७ दिवस, आणि हवा उष्ण व कोरडी असल्यास निदान १० दिवस ओलावा द्यावा, असें भारतीय मानक सांगतें; मिश्र सिमेंटला याहून अधिक दिवस लागतात. वैशाखांत पाण्याची टंचाई असतांना नेमकी इथेंच काटकसर होते.

लाकूड आणि रंग यांचा हिशेब हवेंतील दमटपणावर चालतो. श्रावणांत फुगलेलें दार रंधा मारून बेतानें बसविलें, तर चैत्रांत तेंच आकसून फट दाखवितें. सुतारकाम हिवाळ्यांत, मुरलेल्या लाकडाचें, थोडी मोकळीक ठेवून करावें. रंगाच्या बाबतींत कोंकणांतील एक हौस विचारांत घेण्यासारखी आहे. गणपतीपूर्वीं घर रंगविण्याची चाल जुनी. परंतु पूर्वीं तो रंग चुन्याचा असे. चुन्याच्या सफेदीतून भिंतीतील ओल बाहेर पडूं शकते. आजच्या प्लॅस्टिक रंगाचा किंवा तैलरंगाचा पापुद्रा ओल्या भिंतीवर चढविला, तर आंत कोंडलेली ओल त्याला फुगवून सोडते, आणि दिवाळीपर्यंत भिंतीला पोपडे धरतात. उत्सवाची शोभा राखावयाची असेल तर चुनाच बरा. कायमचा रंग फाल्गुनांत द्यावा.

छपराचें काम उन्हाळ्याचें. शाकारणीसाठीं कौलें उतरलीं म्हणजे वासे, रिपा व आढें यांची कीड आणि कूज तपासून घेण्याची संधि साधावी. गच्चीला ओलप्रतिबंधक थर दिला असेल, तर तिच्यावर निदान एक दिवस पाणी कोंडून खालचें छत पाहावें. हा प्रयोग मेच्या मध्यापूर्वीं व्हावा, म्हणजे उणें आढळल्यास तें दुरुस्त करण्यास वेळ उरतो. सरासरीवर फार विसंबूं नये. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता.

या सर्व नियमांना एक अपवाद आहे, आणि तो जिवाशीं निगडित आहे. भिंतीला पोट सुटणें, रुंदावत जाणारी तिरकी भेग, छताचा गिलावा गळून गंजलेल्या सळया उघड्या पडणें, हीं लक्षणें दिसल्यास कोणत्याहि ऋतूची वाट पाहूं नये. अभियंत्यास त्वरित बोलवावें, टेकू द्यावे, व तो सांगेल तर घर सोडावें. मुंबईंत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महानगरपालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमान्वयें बंधनकारक आहे. जुन्या घरांत पुष्कळ भिंती वरचा भार वाहत असतात. दिवाणखाना मोठा करण्याच्या हौसेनें अशी भिंत पाडणें कोणत्याच ऋतूंत सुरक्षित नसतें.

बाकी कामांना मात्र सवड द्यावी. यंदाच्या पावसांत जेथें पातेलें ठेवावें लागलें, ती जागा त्याच दिवशीं नकाशावर लिहून ठेवणाऱ्या गृहस्थाचें घर पुढच्या मृगापूर्वीं नीट झालेलें असण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो.